एक नंबरचं बटण

ही गोष्ट मी आजवर फक्त बायकोला सांगितली आहे. तिनं ऐकून घेतली आणि विषय बदलला. तुम्ही खरी माना किंवा खोटी, पण ती माझ्या डोळ्यांसमोर घडली. तीही भर दुपारी, माझ्याच वर्कशॉपमध्ये.

मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. मीटर दाखवेल ते खरं, असं मानणारा.

मंगळवार होता. सव्वातीन वाजले होते. दादाला जाऊन दोन महिने झाले होते.

वहिनी त्याची गाडी घेऊन आल्या.

"भाऊजी, ही माझं ऐकत नाही हो. नको ते दिवे लागतात. काच अर्ध्यात थांबते. आणि शेजारची सीट रिकामी असली तरी बेल्ट लावा म्हणून घंटी वाजते."

मी मीटर लावला. अकरा पॉइंट चार व्होल्ट.

"बॅटरी मेलीय," मी म्हटलं आणि लगेच जीभ चावली.

मग समजावलं. हल्लीच्या गाडीत वीस-पंचवीस छोटे कॉम्प्युटर असतात. बॅटरीत दम नसला की ते काहीबाही सांगू लागतात. तापात माणूस बरळतो, तसं.

वहिनींनी मान हलवली. मग दारावरच्या दोन बटणांकडं बोट दाखवलं. एक नंबर दादाचं, दोन नंबर त्यांचं. बटण दाबलं की ड्रायव्हरची सीट आपोआप त्या माणसाच्या मापाला येते.

"गाडी लावली की मी रोज एक दाबते," त्या म्हणाल्या. "सीट मागं जाते. हे बसायचे तशी. तेवढं जाऊ देऊ नका."

"नाही जाणार."

त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या.

या गाडीची बॅटरी काढली की ही मापं पुसली जातात. म्हणून आम्ही आधी एक छोटी बॅटरी बाजूनं जोडून ठेवतो. परक्यांच्या शेकडो गाड्यांना मी ती न चुकता जोडली आहे.

त्या दिवशी विसरलो.

जुनी बॅटरी उचलून बाकावर ठेवली, तेव्हा शेजारी ती छोटी दिसली... तारा गुंडाळलेल्या, तशीच.

डॅशबोर्ड काळा पडला होता.

रडू यायला हवं होतं. आलं नाही. दादा गेला तेव्हाही आलं नव्हतं. हातात दहाचा पाना घेऊन नुसता उभा राहिलो.

आणि आवाज आला...

घुंऽऽ...

ड्रायव्हरची सीट मागं सरकत होती. सावकाश. वहिनींच्या मापावरून मागं... आणखी मागं.

थांबली.

मग तिची पाठ कलली.

बॅटरी माझ्यासमोर बाकावर होती. गाडीतल्या दोन्ही तारा मोकळ्या लोंबत होत्या.

मी घाबरलो नाही. खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. नवी बॅटरी बसवली. बारा पॉइंट सात. दोन नंबर दाबून पाहिला, सीट जागची हलली नाही. म्हणजे मापं पुसली गेलीच होती. सीट होती तशीच एक नंबरवर सेव्ह केली आणि वहिनींना हाक मारली.

त्या बसल्या. पाय पेडलला पोचत नव्हते.

"हीच," म्हणाल्या. मग थांबल्या. "पण एक दाबलं की एवढी कलत नव्हती. शेवटच्या आठवड्यात हे अशी मागं घ्यायचे. छातीत दुखायचं म्हणून. भावाला सांगू नकोस म्हणाले होते. तुम्हाला कसं कळलं?"

मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी सीट पुढं घेतली. बेल्ट लावला. गाडी सुरू केली.

टिंग... टिंग... टिंग...

शेजारची सीट रिकामी होती.

वहिनींनी हात लांब करून रिकाम्या सीटचा बेल्ट लावला. सवयीनं, न बघता. घंटी थांबली.

"बॅटरी नवीन आहे ना, भाऊजी?"

"हो."

त्या गेल्या. मी दारात उभा राहिलो. पाना अजून हातातच होता.

तीन-चार वर्षांनी ही बॅटरीही उतरेल. वहिनी गाडी माझ्याकडंच आणतील. तेव्हा ती छोटी बॅटरी जोडायची की नाही... हे माझं अजून ठरत नाही.