नाव नसलेला स्लायडर

बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मी घरून काम करायला लागले. ज्या सॉफ्टवेअरमध्ये लोक गेम बनवतात त्याला गेम इंजिन म्हणतात. त्यातली बटणं, डावी-उजवीकडे सरकवायचे स्लायडर, चौकटी आणि त्यांचे रंग, एवढं माझ्याकडे. "रंगकाम करते," असं आई शेजारणीला सांगून मोकळी होते.

तेव्हा आम्ही इंजिनची नवी थीम करत होतो. जुन्या थीमच्या पांढऱ्याफटक चौकटी दिवसभर बघून वापरणाऱ्यांची डोकी उठायची. बाबांनाही उजेड सोसत नव्हता. दुपारी त्यांच्या खोलीचे पडदे ओढले की भिंतीवर निळसर राखी सावली पसरायची. तोच रंग मी थीमसाठी उचलला.

सगळी बटणं नमुन्यादाखल एका खिडकीत मांडून बघत होते, तर तळाशी एक जास्तीचा स्लायडर दिसला. त्याला नाव नव्हतं. सोबत काम करणारा एक मित्र आहे, सतत जांभया देतो म्हणून आम्ही त्याला पेंगू म्हणतो. त्याला फोन लावला.

"खालचा स्लायडर तू टाकलास?"

"मला वाटलं तूच. राहू दे की, छान दिसतोय."

मी तो जरासा डावीकडे सरकवला. स्क्रीनवरच्या कडा पाण्यात भिजल्यासारख्या मऊ झाल्या.

आतून बाबा म्हणाले, "बरं केलंस गं, पडदा ओढलास."

पडदा कुणीच ओढला नव्हता. आई गच्चीत कपडे वाळत घालत होती.

योगायोग म्हणून सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी बाबा कपाळावर हात घेऊन कण्हत होते, तेव्हा माझी बोटं आपसूक स्लायडरकडे वळली. थोडं सरकवलं. कण्हणं थांबलं.

मग रोजच. बाबा चार घास जास्त जेवू लागले, गुणगुणू लागले. बाहेर रस्ता उन्हाने भाजत असायचा आणि त्यांच्या खोलीत दिवेलागणीची वेळ. तिथे तळ्याकाठी येतो तसा गार वास यायचा. दारापासून पलंगापर्यंत चहा नेताना वाटायचं, खोली एवढी लांब होती का? पोचेपर्यंत चहावर साय धरायची.

"तिथे बसलं की वेळच कळत नाही बाई," आई म्हणाली. "आणि हे कुणाशी बोलतात गं?"

"फोनवर असतील."

"फोन इथे चार्जिंगला आहे."

आम्ही दोघी ऐकत राहिलो. बाबा हलक्या आवाजात काहीतरी सांगत होते. मध्येच थांबत होते, जसं आपण समोरच्याला बोलू देतो. मग खुदकन हसले.

मी टेबलाशी गेले आणि स्लायडर पार उजवीकडे ओढला. बोट काढलं तसा तो सावकाश, अगदी सावकाश, डावीकडे परत गेला.

पेंगूला फोन केला. "काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

"अगं, पण झालंय काय?"

"काढ ना रे!"

थोडा वेळ नुसती टकटक ऐकू आली. "काढला. मुळापासून. बघ आता."

स्क्रीनवरची जागा रिकामी झाली. रंग लखलखीत झाले, कडा धारदार. माझा जीव भांड्यात पडला. आईला घेऊनच मी बाबांच्या खोलीकडे गेले.

पडदे उघडे होते. खिडकीबाहेर समोरच्या घराची भिंत उन्हाने तळपत होती. ऊन खिडकीच्या चौकटीपर्यंत येऊन थांबलं होतं. आत निळसर राखी संध्याकाळ तशीच होती.

बाबा पलंगाच्या कडेला सरकून, कुशीवर वळून पडले होते. शेजारच्या रिकाम्या चादरीवर त्यांचा हात चालला होता. थोपट, थोपट.

"अहो," आई उंबऱ्यातूनच म्हणाली.

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय."

"कुणाचा?"

बाबांनी हात उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं.

थोपटण्याचा आवाज चालूच राहिला.