घरचे हात

त्या कर्करोग रुग्णालयात आता इनमीन अकरा खाटा उरल्या होत्या, आणि संचालकांना त्याचाच कोण अभिमान! पोटाला चार बारीक छिद्रं पाडायची, दुर्बिणीतून गाठ काढायची, तिसऱ्या दिवशी माणूस घरी.

अंबूताई सप्ताहातलं कीर्तन अर्ध्यावर टाकून, कपाळावरच्या बुक्क्यानिशी तशाच आल्या होत्या. समोर चाकाच्या खुर्चीत वसंतराव, त्यांचे यजमान. चौदा वर्षांपूर्वी त्यांचं घर सोडून अंबूताई निघाल्या, त्या आज पहिल्यांदा तोंड बघत होत्या.

"ह्या पडद्यावर माझं नाव कुणी घातलं?"

"भार-गणकानं," सर्जन डॉ. चिटगोपेकर म्हणाल्या.

ऑपरेशननंतर कोण किती दिवस खाट अडवणार, किती नर्सना राबवणार, पुन्हा किती वेळा दाखल होणार, हे गणक आधीच सांगे. लाखो रुग्णांची माहिती पचवून त्याला उमगलं होतं, की हा भार सगळ्यात जास्त हलका होतो तो सर्जनच्या कौशल्यानं नव्हे, घरी उशापायथ्याशी राबणाऱ्या बाईमुळे. तिला तो 'घरचे हात' म्हणे. ते असतील त्यालाच दुर्बिणीचं ऑपरेशन.

"मी ह्या माणसाकडे नांदत नाही."

"कायद्यानं पत्नी आहात."

"यांनी माझा हात मोडला, तेव्हा कुठं होता तुमचा कायदा?"

वसंतराव खेकसले, "मांडवात दया-क्षमा सांगत हिंडते, आणि नवऱ्याच्या वेळेला पाठ!"

"दया आहे म्हणूनच आले. डॉक्टर, पोट उघडून करा. दहा दिवस इथंच ठेवा यांना."

"त्या खाटेला चार महिन्यांची रांग आहे. गाठ तेवढी थांबायची नाही."

"आणि मी किती दिवस राबायचं?"

"सहा महिने. मनगटाला पट्टी असेल. घरापासून पन्नास पावलांपलीकडे गेलात, की आम्हाला कळेल."

माणूस मरावा असं अंबूताईंना वाटत नव्हतं. पण पुन्हा तो उंबरा?

"नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

पडद्यावरचं त्यांचं नाव विझलं. दुसरं उमटलं: मुक्ता, वय बावीस, मुलगी. नोकरीतली रजा मंजूर.

"अहो, तिलाच तर हाताला धरून पळाले होते मी त्या घरातून! तिला विचारा तरी!"

"विचारलं की नकार येतो, ताई," डॉक्टर पडद्याकडे बघतच बोलल्या. "नकारानं भार वाढतो."

अंबूताईंनी डोळे मिटून पांडुरंगाला हाक मारली. मग मनगट पुढे केलं. पट्टी थंडगार होती. कातडीला घट्ट चिकटली.

"बाकीचं घरी गेल्यावर बोलू," वसंतराव हसत म्हणाले.

पडद्यावर हिरवी ओळ आली. तिसऱ्या दिवसानंतरचा अपेक्षित शुश्रूषा-भार: शून्य.