तिच्या मापाचं घर

मी शिवणकाम करते. चोवीस वर्षं टेपवर पोट चालतंय माझं. माणसाचा चेहरा मी विसरेन, माप नाही. भुताखेतांवर विश्वास ठेवू नका हवं तर, पण पुढे जे आकडे सांगतेय त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

गोष्ट गेल्या वर्षीची. मुख्य प्रकार घडला तो एका मंगळवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी.

लख्ख उजेडात.

माझी धाकटी बहीण पाच फूट आठ इंच. घरात तिचं नाव शिडी. माळ्यावरचं काही काढायचं असलं की शिडीला हाक. सासरी मात्र ही उंची कुणाला झेपली नाही. नवऱ्याशेजारी उभी राहताना जरा वाकून, फोटोत जरा मागे. चार वर्षं तशी काढली आणि माझ्याकडे परत आली.

मग तिला एका नावाजलेल्या घरात नोकरी लागली. आलेल्या लोकांना घर फिरवून दाखवायची.

अशी घरं तुम्ही फोटोत बघितली असतील. पांढरं, चौकोनी, बारीक खांबांवर उचललेलं. सपाट छप्पर. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब खिडकी. नक्षीचं नाव नाही. एका वास्तुकाराने साठ वर्षांपूर्वी ते आपल्या बायकोसाठी बांधलं. ती चार फूट अकरा इंच. ओटा तिच्या कोपराच्या हिशेबाने. बेसिन, आरसे, कड्या, खुर्च्या, जिन्याच्या पायऱ्या... सगळं तिच्या अंगाचं माप घेऊन. लांबून लांबून लोक ते बघायला येतात.

बायको त्या घरात अकरा दिवस राहिली. बाराव्या दिवशी निघून गेली. का, ते कुणालाच माहीत नाही.

तो मात्र मरेपर्यंत तिथेच राहिला. घर एका संस्थेला देताना त्याने एकच अट घातली होती. आतलं काहीही तसूभर हलवायचं नाही.

सुरुवातीला शिडी रोज कपाळावर टेंगूळ घेऊन यायची. "पगार बोलण्याचा देतात की आपटण्याचा?" मी चिडवायचे.

तिसऱ्या महिन्यात टेंगळं बंद झाली.

चौथ्या महिन्यात ती युनिफॉर्मची पॅंट घेऊन आली. मीच शिवलेली. "ताई, खालून लोळतेय गं."

मी हसले. कापड धुऊन आटतं, वाढत नाही. कमरेत सैल होऊन खाली उतरली असेल म्हणून कंबर बघितली... कंबर तीच. मग तिला भिंतीला उभं केलं आणि टेप लावला.

पाच फूट साडेसहा.

टेप बदलून लावला.

पाच फूट साडेसहा.

"नीट उभी राहा."

"नीटच उभी आहे, ताई."

डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, प्रकृती उत्तम आहे, आधीचं माप चुकलं असेल. माझं माप चुकलं असेल! राग गिळून घरी आले. महिन्याभराने परत टेप लावला.

पाच फूट पाच.

"सोड ती नोकरी," मी म्हणाले.

"का? तिथे मला काही लागत नाही आता. कुठे वाकावं लागत नाही." अगदी शांतपणे बोलली.

म्हणून त्या मंगळवारी मीच गेले, तिला कायमची घेऊन यायला. घर पाचला बंद होतं. देखभाल बघणाऱ्या बाई फाटकाशी होत्या. "आत एकटीच आहे, खिडकी लावतेय," त्या म्हणाल्या. आत जाताना बुटांवर कापडी खोळी घालाव्या लागतात, त्यामुळे पावलं वाजत नाहीत.

आत काहीच वाजत नव्हतं. खिडकी लावल्याचासुद्धा आवाज नाही.

मग ऐकू आलं...

खर्रर्र... टक.

लोखंडी टेप. सुतार वापरतात तो. ओढून सोडला की सरकन आत जातो.

आवाज स्वयंपाकघरातून आला होता.

शिडी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. टाचा जुळलेल्या, हनुवटी सरळ, डोळे मिटलेले. माझ्या दुकानात रोज माणसं अशी उभी राहतात. माप देताना.

तिच्यासमोर कुणीच नव्हतं.

खर्रर्र...

आवाज तिच्या टाचेपासून निघाला. गुडघ्यापाशी आला. कमरेपाशी... खांद्यापाशी... डोक्याशी थांबला.

आणि तिच्या टाळूवरचे केस दबले. वरून कुणी तळहात सपाट ठेवावा तसे.

टक.

मी धावले. तिचा दंड धरला आणि ओढतच बाहेर आणली. ती मुकाट्याने आली. फाटकाशी फक्त मागे वळून म्हणाली, "त्यांचं अजून व्हायचं होतं."

कुणाचं, ते तिने आजपर्यंत सांगितलेलं नाही.

नोकरी सुटली. दर रविवारी मी टेप लावायचे. पाच फूट पाच, पाच फूट पाच. पाच महिने केसभरही फरक नाही. मला पुन्हा झोप लागायला लागली.

परवा देखभालवाल्या बाईंचा फोन आला. दरवर्षी इंजिनियर येऊन त्या घराची मोजणी करतो, यंदाची नुकतीच झाली होती.

"तुमच्या बहिणीच्या वेळी कुणी आत काम केलं होतं का?" बाईंनी विचारलं. "ओटा, बेसिन, कड्या, आरसे... सगळं तीन इंच वर आलंय हो. कुठे तडा नाही, नवा जोड नाही."

मी मनात आकडे मांडले. चार फूट अकराच्या बाईचं घर आता पाच फूट दोनच्या बाईचं झालं होतं. शिडी पाच फूट पाच.

मधे उरले तीन इंच.

फोन स्पीकरवर होता. शिडी शेजारी काजं करत बसली होती. मला वाटलं, घाबरेल.

तिचे डोळे भरून आले.

"सगळे मलाच वाक म्हणाले, ताई," ती म्हणाली. "माझ्यासाठी इंचभर तरी कुणी सरकलं होतं का आजवर?"

तिला शिडी म्हणणाऱ्यांत मी पहिली होते.

तेव्हापासून दुकान बंद आहे. दाराला आतून कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. ती भांडत नाही. वेळेवर जेवते, घरकामात मदत करते.

आज रविवार. सकाळी ती आपणहून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. टाचा जुळवल्या. डोळे मिटले.

"घे ना माप," म्हणाली.

टेप माझ्या हातात होता...

मी तो गुंडाळून खणात ठेवून दिला.