अठ्ठ्याऐंशीवं निवेदन

हार्ड डिस्कचा ॲडॉप्टर काढायचा नाही, एवढं एकच वाक्य मी माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षांत निदान शंभरदा सांगितलं असेल. वाक्यात एकही कठीण शब्द नाही. तरी दर थोड्या दिवसांनी मी आप्पांच्या खोलीत जायचे आणि भिंतीतला प्लग रिकामा असायचा. माझ्या डोक्यात तिडीक उठायची. भावाला आम्ही घरात भुंगा म्हणतो, कारण तो लहानपणापासून सतत काहीतरी गुणगुणतो. मी ओरडत असतानासुद्धा गुणगुणायचा.

आप्पांच्या खोलीत टीव्ही, टीव्हीखाली सेट-टॉप बॉक्स, आणि बॉक्सच्या मागे यूएसबीच्या वायरीनं जोडलेली काळी, विटेएवढी हार्ड डिस्क. हल्लीच्या खिशात मावणाऱ्या डिस्क वेगळ्या, त्या बॉक्सकडूनच वीज घेतात. ही जुनी. बॉक्समधून येणारे पाच व्होल्ट हिला पुरत नाहीत. हिला भिंतीतून स्वतःची वीज लागते, बारा व्होल्ट, दोन अँपिअर, आणि ती मध्येच तोडली की आतलं रेकॉर्डिंग खराब होतं. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. विजेचे मीटर बरोबर चालतात की नाही हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी सतरा वर्षं काम करते.

त्या डिस्कमध्ये आई होती.

आई अकरा वर्षं एका छोट्या चॅनेलवर हरवलेल्या माणसांची निवेदनं वाचायची. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, जेमतेम तीन मिनिटं. आधी पडद्यावर फोटो. मग नाव, वय, उंची, अंगावरचे कपडे, शेवटचं कुठं दिसले. सगळं वाचून झालं की ती कागद खाली ठेवायची, कॅमेऱ्याकडे बघायची आणि म्हणायची, "घरी वाट पाहत आहेत." हे वाक्य कागदावर लिहिलेलं नसायचं. ते तिनं स्वतःहून जोडलं होतं, आणि चॅनेलवाल्यांनी दोनदा हटकूनही सोडलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. पाठोपाठ ते चॅनेलही बंद पडलं. आप्पांनी तिची शेवटची नव्वद निवेदनं रेकॉर्ड करून ठेवली होती. मागच्या वर्षी आप्पांना झटका आला, वाचा गेली, डावी बाजू गेली. उजवा हात तेवढा राहिला, आणि त्या हातात रिमोट. रोज चार दहाला ते एक निवेदन लावायचे. ही रेकॉर्डिंग ज्या बॉक्सवर केली त्याच बॉक्सवर दिसतात, त्यांना तसं कुलूपच असतं. डिस्क संगणकाला लावली तर संगणक म्हणतो, ही रिकामी आहे, पुसून टाकू का? म्हणजे दुसरी प्रत काढायची सोय नाही. जे आहे ते एवढंच.

आणि त्या नव्वदातली चार भुंग्यानं घालवली. त्याच्या स्पीकरचा ॲडॉप्टर जळला म्हणून यानं डिस्कचा ओढून काढला, आप्पा बघत असताना. शहाऐंशी उरली. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

भुंगा आप्पांजवळ राहतो. राहायचा. बेकरीत पहाटेची पाळी करून दुपारी घरी असायचा. मी दोन रस्ते पलीकडे. त्या रविवारी मी तीनच्या सुमारास गेले तर भुंगा घरात नव्हता, आणि प्लग रिकामा. ॲडॉप्टर वायरीसकट गायब. मी त्याला फोन लावला, त्यानं उचलला नाही. मी आप्पांच्या खुर्चीमागे उभी राहून रिकाम्या प्लगकडे बघत होते आणि मनातल्या मनात त्याला सोलून काढत होते. त्यामुळे आवाज माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

डिस्क फिरत होती.

बारीक घरघर, मध्येच टक, टक. पुढचा निळा दिवा मिणमिणत होता. मी वाकून पाहिलं. विजेचं भोक मोकळं होतं, आत धूळ साचलेली. माझ्या पिशवीत यूएसबीचा छोटा मीटर असतोच. बॉक्स आणि डिस्कच्या मध्ये तो जोडला. आकडा आला शून्य. मी तो मीटर काढून माझ्या फोनच्या चार्जरला लावला, तिथं बरोबर आकडा आला. पुन्हा डिस्कला लावला. शून्य.

मी चिडले. मला न पटणारी गोष्ट दिसली की मी घाबरत नाही, चिडते. रिमोट घेऊन यादी उघडली. सत्त्याऐंशी रेकॉर्डिंग होती. शेवटच्यावर तारीख मागच्याच रविवारची, वेळ चार दहा.

लावलं. चित्र फिकं होतं, धुतलेल्या कापडासारखं. आईचं राखाडी जाकीट, चष्मा, हातात कागद. फोटोच्या जागी नुसता करडा चौकोन. आवाज तुटत होता. "...वय त्रेपन्न... उजव्या हाताचा अंगठा अर्धा..." इथं चित्र गोठलं. आप्पांनी खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. त्यांना पुढचं हवं होतं. डोळे भरून आले होते त्यांचे.

"आप्पा, हे जुनंच असणार," मी म्हटलं. "वीज पुरत नाही म्हणून तारीख चुकतेय. उद्या आणते मी नवीन."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतला चांगला ॲडॉप्टर आणला. बारा व्होल्ट, दोन अँपिअर, मोजून घेतलेला. प्लगला प्लास्टिकच्या पट्टीनं असा आवळला की कात्रीशिवाय सुटू नये. डिस्कची घरघर लगेच सरळ झाली. चित्र इतकं स्वच्छ आलं की आईच्या चष्म्यात दिव्याचं प्रतिबिंब दिसलं, आणि करड्या चौकोनात फोटो. तो माणूस मी रोज बघायचे. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचा किल्लीवाला. आईनं त्याचं नाव वाचलं, उंची, तपकिरी स्वेटर. "दुकानाचं शटर लावताना शेवटचे दिसले." मग कागद खाली ठेवला. "घरी वाट पाहत आहेत."

आप्पा समाधानानं मागे टेकले.

मी घरी जाताना मुद्दाम कोपऱ्यावरून गेले. किल्लीवाला स्टुलावर बसून कानस घासत होता. "काय ताई, पुन्हा किल्ली हरवली?" त्यानं विचारलं. मी हसले. स्वेटर तपकिरी होता, पण त्याचा स्वेटर कायम तपकिरीच असायचा.

बुधवारी त्याचं शटर बंद होतं. गुरुवारी त्याची बायको त्या शटरवर त्याच्या फोटोचा कागद चिकटवत होती. चिकटपट्टी नीट बसत नव्हती, मी एक कोपरा धरला. फोटो तोच होता.

तीन दिवस मी स्वतःला समजावलं. किल्लीवाला आधीही कधीतरी हरवला असेल, तेव्हा आईनं वाचलं असेल, आप्पांनी रेकॉर्ड केलं असेल. शहाऐंशी मोजताना माझीच चूक झाली असेल. मी आयुष्यात मोजताना चूक केलेली नाही, पण त्या तीन दिवसांत मी तेही मान्य केलं.

पुढच्या रविवारी गेले तर पट्टी कापलेली होती. ॲडॉप्टर काढलेला. आणि या वेळी भुंगा समोरच बसला होता, ॲडॉप्टर मांडीवर घेऊन. गुणगुणत नव्हता.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "तुला लाज वाटत नाही? आप्पांजवळ दुसरं काय उरलंय रे? आता कशाला हवा होता, स्पीकरला की मोबाइलला?"

"ताई, मी कशाला लावलेला नाही. मी तो काढून ठेवतो."

"का?"

"पुरती वीज मिळाली की ती पूर्ण वाचते," तो म्हणाला. "नाही मिळाली तर अर्ध्यात थांबते. अर्धं राहिलं तर काही होत नाही. किल्लीवाल्याचं आठ दिवस अर्धंच होतं. आठही दिवस तो दुकानात होता."

मी त्याच्याकडे बघत राहिले. दाढी वाढलेली, बेकरीचं पीठ अजून कोपरांना. मला त्याची कीव यायला हवी होती. मला राग आला. चार निवेदनं घालवणारा हा माणूस आता मला वीज शिकवत होता, मला. आणि त्याचं म्हणणं खरं धरलं तर किल्लीवाल्याचं निवेदन पुरं करणारी मी होते. हे मी मुळीच ऐकून घेणार नव्हते.

"आपली आई माणसं शोधायची," मी म्हटलं. "घालवायची नाही."

"मला माहितेय गं. माझीही आई आहे ती." त्यानं आवाज खाली आणला. "काल आणखी एक आलंय. अठ्ठ्याऐंशीवं. मी लावलं. आधी पट्टी कापून हा काढला होता, म्हणून फोटो करडा, नाव तुटलेलं. 'वय एकतीस' इतकंच ऐकू आलं आणि ती थांबली."

भुंगा एकतीस वर्षांचा होता.

"एकतीस वर्षांचा जगात तू एकटाच आहेस का?" मी म्हटलं. "दे इकडे."

"ताई, नको. माझ्यासाठी नको लावूस."

आप्पा खुर्चीच्या हातावर बोटं आपटत होते. चार वाजायला आले होते. मी त्याच्या मांडीवरून ॲडॉप्टर ओढून घेतला. त्यानं वायरीचं टोक धरून ठेवलं, मी हिसडा दिला, त्याच्या तळहाताला खरचटलं. मग मी दोन वर्षं साठवलेलं सगळं बाहेर काढलं. आई आजारी असताना तू कुठं होतास. चार निवेदनं कुणी घालवली. आप्पा तुझ्यामुळे झुरतायत.

"निघ इथून," मी म्हटलं. "आप्पांना मी सांभाळीन. जा तुला जायचं तिकडे. घरी कुणी वाट पाहत नाही तुझी."

तो उठला. मी त्याच्याकडे पाठ करून टीव्हीमागे वाकले. नवी पट्टी आवळायला मला अर्धं मिनिट लागलं असेल. बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला. लागल्याचा यायला जरा वेळ गेला.

डिस्कची घरघर सरळ झाली. निळा दिवा स्थिर झाला.

मी आप्पांच्या हातातून रिमोट घेतला आणि अठ्ठ्याऐंशीवं लावलं. मला ते खोटं पाडायचं होतं. पुढचं ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं, पण मी हे भीतीनं केलं नाही, प्रेमानं केलं नाही, माझंच खरं करायला केलं.

चित्र स्वच्छ होतं. आई कागद सारखा करत होती.

मग फोटो आला.

आमचं बाहेरचं दार, अर्धं उघडं. दारात भुंगा. तो मागे वळलेला होता. तोंड उघडं, हाक मारताना असतं तसं. फोटो टीव्हीच्या बाजूनं घेतलेला होता आणि खालच्या कोपऱ्यात वाकलेली माझी पाठ दिसत होती.

तो वळला होता हे मला तेव्हा कळलं.

मी धावले. जिना, फाटक, रस्ता. कोपऱ्यावर बंद शटर आणि त्यावरचा कागद. दोन्ही बाजूंना दूरपर्यंत रस्ता सरळ जातो, लपायला जागा नाही. रस्त्यावर कुणी नव्हतं.

परत आले तेव्हा आई अजून वाचतच होती. ती इतका वेळ कधी वाचत नसे.

पोलिसचौकीतल्या हवालदारानं नंतर विचारलं, अंगावर कपडे कोणते होते? मी इतका वेळ भुंग्याशी भांडले आणि मला शर्टाचा रंग सांगता येत नव्हता. मग आईनं वाचलेलं आठवलं आणि तेच मी शब्दाला शब्द सांगितलं. निळा शर्ट, उजव्या बाहीला पीठ. डाव्या तळहातावर ताजं खरचटलेलं. हवालदार म्हणाला, बाई, तुमचं लक्ष बारीक आहे.

ॲडॉप्टर मी त्याच संध्याकाळी कापून काढला. काही उपयोग नव्हता, निवेदन पुरं झालं होतं. आप्पा आता चार दहाला तेच एक लावतात. अडवलं की रिमोट छातीशी धरतात. प्लग रिकामा आहे, तरी चित्र फिकं होत नाही, आवाज तुटत नाही. रोज मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहते आणि शेवटपर्यंत ऐकते. कधीतरी शेवट बदलेल, असं मला वाटतं.

तो शेवट मी हवालदाराला सांगितला नाही. आई नाव वाचते. कागदावरचं नाही, भुंगा म्हणते. वय, उंची, शर्ट, तळहात. शेवटचं कुणी पाहिलं इथं ती थांबते, ओळ शोधते, आणि पुढे जाते. मग कागद खाली ठेवते, चष्मा काढते, जो तिनं अकरा वर्षांत कधी काढला नव्हता, आणि कॅमेऱ्याकडे बघते.

"घरी कुणी वाट पाहत नाही," ती म्हणते. आवाज माझा असतो.