यादीतलं बारावं नाव

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. केतकी माझी सख्खी मावसबहीण आहे. तिला खोटं बोलता येत नाही, बोलली की लगेच कान लाल होतात. हे सांगताना तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

गोष्ट उज्जैनची, माधव नगरातली. यंदाच्या अधिक ज्येष्ठातली. चार जून, गुरुवार.

आणि भर दुपारची.

केतकीच्या घरामागच्या गल्लीत श्रीपादकाका राहायचे. गणिताचे निवृत्त मास्तर. उज्जैनच्या मराठी घरांची एक जुनी पंचाईत आहे. इथल्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षात कोणी गेलं की श्राद्धाच्या महिन्याचा हमखास घोळ होतो. काकांनी त्यावर एक प्रोग्राम लिहिला होता. मृत्यूची तारीख टाकायची, तिथी मिळते. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. कोणीही सुधारणा पाठवावी, काकांनी तपासून आत घ्यावी.

कोणी, कधी, कुठली ओळ बदलली, याची नोंद गिट नावाचं सॉफ्टवेअर ठेवतं. ओळ पुसली तरी नोंद राहतेच.

फेब्रुवारीत केतकीनं त्यातली अधिक महिन्याची एक चूक दुरुस्त केली. दुरुस्ती तपासायला नमुना लागतो. एक नाव, एक तारीख, तिची तिथी. अशा नमुन्यांच्या यादीत अकरा नावं आधीच होती. बारावं तिनं टाकलं. अधिक महिना अजून यायचा होता, म्हणून तारीख पुढची घेतली. आणि नाव... ते सवयीनं लिहिलं गेलं. शाळेपासून गॅसच्या कनेक्शनपर्यंत प्रत्येक फॉर्मवर वडिलांचं नाव लिहायची सवय.

प्रभाकर. चार जून.

काकांनी दुरुस्ती स्वीकारली. शाबासकीही दिली.

मेच्या शेवटी परागचा फोन आला. पराग देवासचा, याच प्रोजेक्टवर काम करणारा.

"ताई, ते बारावं नाव काढून टाका."

"का रे? नमुनाच तर आहे."

"बाकीची नावं कधी लिहिली गेली, ते बघून घ्या एक बार."

तिनं नोंदी उघडल्या. पहिलं नाव अरविंद. मृत्यू ऑगस्टमधला.

ओळ लिहिली होती... त्याच वर्षीच्या मार्चमध्ये.

दुसरी ओळ, चार महिने आधी.

तिसरी... सातवी... नववी...

सगळी नावं मृत्यूच्या तारखेआधी लिहिलेली होती.

"मी एकेकाच्या घरी फोन करून विचारलं," पराग म्हणाला. "सगळे लिहिलेल्या तारखेलाच गेलेत, ताई. अकरावं नाव माझ्या भावाचं आहे, प्रसादचं. बस यूँ ही टाकलं होतं मी."

त्यानं फोन ठेवला.

केतकीनं त्याच क्षणी ओळ पुसली. काकांना फोन करून बदल आत घ्यायला लावला. यादीत पुन्हा अकरा नावं झाली.

दुसऱ्या दिवशी ती बाबांना घेऊन फ्रीगंजला चष्मा करायला गेली. परत येऊन पाहिलं...

बारा.

बदल करणाऱ्याचं नाव, केतकी. वेळ, दुपारी बारा चाळीस. तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात होती आणि लॅपटॉप घरच्या कपाटात.

तिनं परत पुसली. ओळ परत आली. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी ती रडत श्रीपादकाकांकडे गेली.

काकांनी स्क्रीनवरच्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. "अरविंद माझा मित्र होता," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, योगायोग आहे. बंदच करून टाकू आपण हे, बेटा."

त्यांनी तिच्यासमोर अख्खा प्रोजेक्ट इंटरनेटवरून काढून टाकला. पण गिटमध्ये प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर पूर्ण प्रत असते. केतकीनं घरी येऊन आपली प्रत उघडली.

बारावी ओळ जागेवरच होती.

चार जून उजाडला. बाबा सकाळपासून राम घाटावर जायच्या गोष्टी करत होते. अधिक मासातलं स्नान हवं होतं त्यांना.

"आज नाही जायचं, बाबा."

"क्यों भई? मला काय धाड भरलीये?"

"गर्मी किती आहे. बसा ना माझ्याजवळ."

त्यांना बरं वाटलं असावं. पोरगी कधी नव्हे ती जवळ बसा म्हणतेय. ते बसले. तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

साडेबाराला लाईट गेली.

पंखा थांबला. शेजारचा कूलर थांबला. गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प झाली...

आणि मग बंद कपाटातून आवाज आला.

घर्रर्र...

लॅपटॉपचा पंखा. तिनं तो स्वतः बंद करून ठेवला होता.

बाबांचा हात गार पडत चालला. त्यांचे डोळे मिटलेले. ती मनगटावर नाडी शोधत होती... सापडत नव्हती. ती पार घाबरली. तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट आली.

दुसऱ्या कोणाचंही नाव घे. माझ्या बाबांचं नको.

कपाटातला आवाज थांबला.

"हात सोड गं," बाबा म्हणाले. "मुंग्या आल्यात."

ती हसली, रडली, त्यांच्या गळ्यात पडली. बाबांना काही कळेना.

एक वाजता श्रीपादकाकांच्या घरून फोन आला. जेवायला बसता बसता काका गेले होते. वीस मिनिटांपूर्वी.

केतकीनं कपाट उघडलं. लॅपटॉप तापलेला होता. यादीत बाराच नावं होती. बाराव्या जागी आता श्रीपाद होतं.

बदल करणाऱ्याचं नाव, केतकी. वेळ, बारा चाळीस. बदल काय केला ते लिहायच्या जागी दोनच शब्द होते.

"नाव दुरुस्त."

तेराव्यानंतर काकांच्या पत्नीचा, जयूकाकूंचा तिला फोन आला.

"केतकी बेटा, यांची तिथी तेवढी सांगशील? इथलं पंचांग बघून मला घोळ होतो. यांना तुझ्या कामावर फार भरवसा होता."

"ज्येष्ठ वद्य चतुर्थी, काकू. पुढच्या वर्षी साध्या ज्येष्ठात."

"एवढ्या लगेच सांगितलंस? नीट बघितलंस ना?"

"बघितलं," केतकी म्हणाली.

हे सगळं ऐकून मी तिला एकच विचारलं. बाबांचा हात तू धरून बसलेली, कपाट बंद. मग ते तू कसं केलं असशील?

तिनं आपली बोटं मिटून घेतली.

"नाव मी घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "पण कोणीही चालेल, हे मीच म्हटलं होतं."