एकसष्टावा बिल्ला

सार्डिनिया बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर केर्बेद्दा नावाची पुळण आहे. तिथे दिवसाला साठच माणसांना उतरता येत असे, आणि ते साठ कोण हे बोनारिया ठरवत असे. कड्याच्या माथ्यावर तिची दगडी खोली होती. बाहेर फळीवर साठ खिळे, खिळ्यांवर बुचाच्या सालीचे साठ बिल्ले, प्रत्येकावर तापल्या सळीने डागलेला आकडा. उतरताना बिल्ला गळ्यात घालायचा, चढून आलं की खिळ्याला परत लावायचा. कागद नाही, प्लॅस्टिक नाही. खाली साबण लावायचा नाही, वाळू उचलायची नाही. बोटींना तर जवळ फिरकायलाही बंदी होती.

"एक शिंपला घेतला म्हणून काय समुद्र आटणार आहे?" असं मिलानहून आलेल्या एखाद्या बाईने विचारलं, की बोनारिया शांतपणे म्हणे, "तुमच्या घरी येऊन मी एक चमचा उचलला तर चालेल?" आणि बाईची पिशवी उलटी करून झटकून घेई. बावीस वर्षं ती गावच्या चीजच्या डेअरीत वजनकाट्यावर बसली होती. काट्याशिवाय दुसऱ्या कशावर विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती.

ही नोकरी तिने मागून घेतली होती. नऊ वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा मोंदो याच पुळणीवरून पोहायला गेला आणि परत आला नाही. तेवीस वर्षांचा होता. प्रेतही मिळालं नाही. पुरायलाही काही हाती न लागलेली आई कुठे जाणार? ती समुद्राच्या दारात येऊन बसली.

सोबतीला असायचा प्रियामो. ऐंशीचा धनगर, शेळ्या कधीच विकून बसलेला. दुपारी पाव आणि चीज घेऊन यायचा, खोलीच्या सावलीत बसायचा आणि पर्यटकांच्या टोप्यांवरून टिंगल करायचा.

जूनमधल्या एका मंगळवारी फ्रान्समधल्या पोरांचं टोळकं आलं. त्यांनी फळीवरचे शेवटचे पाच बिल्ले घेतले. संध्याकाळी पायवाटेने वर आली ती सहा जणं.

"फुकटात घुसलीस ना झाडीतून?" बोनारियाने सहावीला धरलं. पोरगी सोळा-सतराची, केस ओले, पुढच्या दोन दातांत फट, डाव्या गालावर तीळ. ती फ्रेंचमध्ये काहीतरी बोलून हसली. बाकीची पोरंही हसली. एकाने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळी गाडीत बसून गेली.

प्रियामो उभा राहिला होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती.

"मिन्निया," तो म्हणाला. गाडी दिसेनाशी झाल्यावर.

मिन्निया त्याची धाकटी बहीण. साठ वर्षांपूर्वी खाली पुळणीवरच्या झऱ्यावर शेळ्या घेऊन गेली आणि लाटेने ओढून नेली. बोनारियाने त्याला पाणी दिलं, ऊन लागलंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याने पाकिटातून फोटो काढून तिच्यापुढे धरला. दातांतली फट होती. डाव्या गालावरचा तीळही होता. बोनारियाने फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि परत दिला.

त्यानंतर प्रियामो आठवडाभर आलाच नाही. आला तेव्हा आपणहून विषय काढला.

"त्या विद्यापीठवाल्यांनी दोन वर्षं वाळू मोजून साठ हा आकडा काढला. माझ्या आजाने घोटभर वाइनवर सांगितला असता. खालच्या झऱ्यावर आम्ही साठच शेळ्या नेत असू. एक जास्त नाही."

"आणि एकसष्टावी नेली तर?"

"एकदा नेली. एक खाली राहिली. तिच्या जागी वर आली ती आदल्या साली कड्यावरून पडून मेलेली. कानावरची खूणसुद्धा आमचीच."

"मग?"

"मग काय. बापाने दुसऱ्या दिवशी कापली तिला."

"का?"

"कापावी लागली," प्रियामो म्हणाला आणि तंबाखू शोधायला लागला.

त्या रात्रीपासून बोनारियाची झोप उडाली. मनातल्या काट्यावर ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जोखत होती. बहिणीने भावाला ओळखलं नाही, खरं आहे. पण ती गेली तेव्हा प्रियामो वीस वर्षांचा गडी होता, आता त्याच्या तोंडात चार दात आहेत. ओळखणार कशी बिचारी? आपलं तसं नाही. आपण नऊ वर्षांत किती बदललो? केस पांढरे झाले, एवढंच. ऑगस्टमध्ये ती गावातल्या न्हाव्याच्या बायकोकडे गेली आणि केस काळे करून आली. पेटीच्या तळाचा निळा झगा काढला, मोंदोच्या आवडीचा. आणि बुचाचा एक जादा बिल्ला कापून त्यावर सळीने एकसष्ट डागलं.

बिल्ला तयार होता. माणूस हवा होता.

सप्टेंबरात एके दुपारी बेल्जियमचं एक जोडपं सायकली ढकलत आलं. योरिस आणि लीव. विमानाचा धूर नको म्हणून आगगाडीने, बोटीने आणि पुढे सायकलवर तीन आठवडे प्रवास करत आलेली माणसं. वाटेत दुसऱ्यांनी टाकलेला कचराही त्यांनी एका पिशवीत गोळा केला होता. लीवचा गुडघा सुजला होता, तिला उतरणं शक्य नव्हतं. योरिस इतका उंच, की खोलीच्या दारात त्याला वाकावं लागलं. फळीवरचे साठही खिळे मोकळे होते.

"भरले का साठ? मग राहू दे," तो मोडक्या इटालियनमध्ये म्हणाला. "नियम म्हणजे नियम. आम्ही इथूनच बघू."

इतका सरळ माणूस तिला या नोकरीच्या पाच वर्षांत भेटला नव्हता. तरी ती बोललीच.

"एवढ्या लांबून आलात, बाळा. एका माणसाचं असं काय ओझं होणार आहे समुद्राला? अर्ध्या तासात वर या. तुमच्या बाईंना मी सावलीत बसवते."

"पण माझ्याऐवजी उद्या एक कमी सोडाल?"

"सोडेन," बोनारिया म्हणाली आणि खिशातला बिल्ला तिने स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात घातला. त्यासाठी त्याला पुन्हा वाकावं लागलं.

प्रियामो सावलीत बसला होता. त्याने सगळं पाहिलं. तो पाव चावत राहिला.

बोनारियाने लीवला थंड पाणी दिलं, गुडघ्याला ओलं फडकं बांधलं. लीवने तिला फोनवर घराचे फोटो दाखवले. दोन मांजरं होती. बोनारिया मांजरांची नावं विचारत होती आणि कान पायवाटेकडे लावून होती.

उन्हं कलली. माणसं एकेक करून वर येऊ लागली. खिळे भरत गेले. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ.

मग वळणावर पावलं वाजली.

मोंदो वर आला.

तेवीस वर्षांचा, होता तसा. केसांतून पाणी निथळत होतं. भुवईवर शेळीच्या शिंगाची खूण. चालताना डावा खांदा किंचित खाली, तोही तसाच.

बोनारिया उठली. तिने हात पसरले.

तो तिच्या बाजूने वळून पुढे गेला, लीवपाशी. खाली बसून त्याने तिच्या गुडघ्याला हात लावला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. लीवने त्याच्या ओल्या केसांतून बोटं फिरवली. तिच्या चेहऱ्यावर कसलंही नवल नव्हतं.

"मोंदो!" बोनारियाने त्याचं मनगट धरलं. "अरे, मी! बघ ना माझ्याकडे!"

त्याने पाहिलं. अनोळखी म्हातारीकडे बघावं तसं, सभ्यपणे.

"माफ करा," तो म्हणाला. इटालियन मोडकं, परदेशी माणसाचं. "मी योरिस."

"तो माझा मुलगा आहे!"

"बाई, तुम्हांला बरं वाटत नाहीये का?" लीवने हळूच तिची बोटं सोडवली, एकेक करून. "हा माझा नवरा. दुपारी तुम्हीच तर त्याला पाठवलंत."

त्याने गळ्यातला बिल्ला काढला. रिकामा खिळा नव्हता, म्हणून बोनारियाच्या तळहातावर ठेवला.

"तुमचं खरं होतं," तो हसून म्हणाला. "एक माणूस जास्त झाला, तर कुणाच्या लक्षातही येत नाही."

सायकली उतारावरून गेल्या. बोनारिया धावली, चपला सुटेपर्यंत धावली. एका वळणावर त्याचं हसू ऐकू आलं, मोंदोचंच. मग तेही नाही.

ती परत आली तेव्हा प्रियामो पायवाटेच्या तोंडावरच्या फाटकापाशी उभा होता.

"लाव कडी," तो म्हणाला.

तेवढ्यात खालच्या वळणावरून हाक आली.

"आई."

त्यांच्याच गावची बोली. पण र घशातून काढलेला, जड, परका, दुपारी योरिसने काढला होता तसा.

"आई, बाहेर गारठा आहे गं."

बोनारियाच्या हातातली कडी वाजली. प्रियामोने ती तिच्या हातून काढून घेतली आणि लावली.

"मलाही हाक येते," तो म्हणाला. "जूनपासून रोज. दादा म्हणते. फ्रेंच आहे, नाकात बोलते."

"तुला ठाऊक होतं." ती त्याच्याकडे वळली. "शेळीचं अर्धंच सांगितलंस. मेल्या, तुला सगळं ठाऊक होतं!"

"वर आलेली ती शेळी खाली राहिलेल्या शेळीच्याच पिल्लाला पाजत होती. स्वतःच्या पिल्लाला लाथा मारायची."

"मग मला का नाही सांगितलंस?"

प्रियामोने टोपी नीट केली.

"एकट्याला ऐकवत नव्हतं गं."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. त्याने गाल चोळला, आणि दोघंही फाटकाशी उभी राहिली. खालून आधी एक हाक आली, मग दुसरी.

ऑक्टोबरअखेर पुळण थंडीपुरती बंद झाली. तरी बोनारिया रोज वर जात होती. तिने लोकरीचा एक स्वेटर विणून पहिल्या वळणावरच्या दगडावर ठेवला, मोंदोच्या मापाचा. दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता, ओला, दोन्ही काखांत उसवलेला.

तिने तो घरी नेला, चुलीपाशी वाळवला, आणि बाह्या चार बोटं वाढवायला घेतल्या.