सेन्सरवरची मूठ

आमच्या एसी दुरुस्तीच्या धंद्यात घाबरण्यासारखं तसं फार काही नसतं. शिडीवरून पडायची भीती, शॉक लागायची भीती आणि गिऱ्हाइकाच्या कुत्र्याची भीती. बाकी सगळी यंत्रं, आणि यंत्राला काय झालंय ते शोधलं की सापडतं. तुम्ही खोदून विचारताय म्हणून एकच काम सांगतो, ज्यातलं कारण मला अजून सापडलेलं नाही.

ऐन उन्हाळ्यातली दुपार होती. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा फोन आला. त्यांना सगळे टेलरताईच म्हणायचे. मागच्या खोलीतल्या एसीवर तोच बिघाडाचा कोड, एफ-वन, पुन्हा आला होता. पुन्हा म्हणजे असं, की आधी जाऊन मी खोलीचं तापमान मोजणारा सेन्सर बदलला होता. मग बोर्ड बदलला. तरी तो एफ-वन काही हटेना. अशा वेळी गिऱ्हाइकाला वाटतं मेकॅनिक लबाड, आणि मेकॅनिकला वाटतं मशीन लबाड.

"भाऊ, या वेळी त्याला दोन थोबाडीत द्या, पण बरं करूनच जा," ताई म्हणाल्या. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्या चेष्टेत बोलल्या तरी दातओठ खाऊन बोलल्यासारख्या वाटायच्या.

पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आणि कापडांचे ढीग, मग एक अरुंद पॅसेज, आणि शेवटी ती खोली. तिथे त्यांचा धाकटा भाऊ झोपलेला असायचा. ट्रक चालवायचा. धिप्पाड माणूस, पण हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून पार उतरला होता. फार उकाडा नको आणि फार गारठाही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी गेलो तेव्हा एसी बंद, खिडकीतून गरम झळा येतायत, आणि हा गडी घामाने निथळत, पायथ्याशी दोन ब्लँकेटं ठेवून पडलेला.

"ब्लँकेटं कशाला?" मी विचारलं.

"तुम्ही चालू करा, मग कळेल."

"किती वर लावता?"

"अठ्ठावीसवर. तरी फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं होतं. मग तो कोड येतो, मशीन बंद पडतं, आणि पुन्हा घाम."

आता हे ऐकून माझे कान टवकारले. एसीला खोली किती गरम आहे ते त्याचा सेन्सर सांगतो. गव्हाच्या दाण्याएवढा मणी असतो, वायरीच्या टोकाला. त्याने खोटं सांगितलं की एसी बिचारा थांबतच नाही. शेवटी आतल्या नळीवर बर्फ धरतो, नळीवरचा दुसरा सेन्सर आणि हा मणी यांचा हिशेब जुळत नाही, आणि कोड येतो. एवढं साधं होतं ते. फक्त नवा कोरा सेन्सर खोटं का बोलेल, हा प्रश्न होता.

मी रिमोटची दोन बटणं एकत्र दाबून धरली. मग एसीला खोली किती गरम वाटतेय, तो आकडा एसीच्या पुढच्या पट्टीवर दिसतो. एसी चालू केला. चौतीस. हळूहळू बत्तीस, तीस, एकोणतीस. झकास. धाकट्याच्या कपाळावरचा घाम सुकला. मी शिडीवर उभा राहून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

मग आकडा चढायला लागला.

तीस. बत्तीस. चौतीस. पस्तीस... छत्तीस. आणि तिथेच थांबला.

खोली मात्र गार होत चालली होती. कॉम्प्रेसरचा आवाज वाढला, पंखा घोंघावू लागला. खाली धाकट्याने पहिलं ब्लँकेट ओढून घेतलं.

तो चढ मी ओळखला. सेन्सर चांगला आहे की नाही हे बघायची आमची एक पद्धत असते. मणी मुठीत धरायचा. आकडा असाच चढतो, आधी भराभर, मग रेंगाळत, आणि छत्तिसाच्या आसपास थांबतो. तो माणसाच्या मुठीचा चढ असतो. आयुष्यभर पाहिलाय मी तो.

मी पुढचं झाकण काढलं. आत कोणी नव्हतं. कोण असणार? मणी त्याच्या खाचेतून सोडवला आणि वायरीने बाहेर लोंबकळत ठेवला. मोकळ्या, गार हवेत, माझ्या डोळ्यांसमोर.

छत्तीस.

खरं सांगतो, तेव्हा मला भीती नाही वाटली. अशी काही उत्सुकता वाटली की बस्स. मी मणी हातभर डावीकडे सरकवला. आकडा धडाधड उतरला. तेहेतीस, तीस, सव्वीस. मी वायर तशीच धरून थांबलो. थोड्या वेळाने... सत्तावीस. तीस. चौतीस. उजवीकडे नेला, तर तिथेही तेच. आधी उतार, मग जरा उसंत, मग चढ. कोणीतरी शोधत पाठोपाठ यावं तसं.

एक वासही यायला लागला होता. घामेजलेल्या हातात खूप वेळ किल्ली धरली की हाताला येतो ना, तसा.

"ताई, जरा इकडे या."

टेलरताई आल्या. पट्टीवरचा आकडा पाहिला, मणी पाहिला. तोंडातल्या टाचण्या काढून झग्याला टोचल्या. मग स्टुलावर चढून, कापडाचा पोत बघावा तसा त्यांनी मण्याभोवती हात फिरवला.

"इथे गार आहे... इथेही गार... इथे..."

हात थांबला.

"काय झालं?"

"काही नाही." त्यांनी हात मागे घेतला आणि कपड्याला पुसला. दोनदा पुसला. "इथे गार नाही."

खालून धाकटा बोलला. दोन्ही ब्लँकेटं गळ्यापर्यंत होती, ओठ निळसर पडले होते. "मी गार झालो ना ताई, की... कोणीतरी जवळ आल्यासारखं वाटतं. तुला म्हणालो नाही. तू म्हणशील औषधांनी होतं."

ताईंनी खाली उतरून आधी एसी बंद केला. मग भावाचे तळवे आपल्या हातांत घेऊन चोळत बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, ते काय आहे ते नंतर शोधा. याला आत्ता बरं वाटेल असं काहीतरी करा."

मग मी मला सुचलं ते केलं. वायर जोडून लांब केली आणि मणी खोलीच्या बाहेर, पॅसेजच्या भिंतीवर अगदी छताजवळ बसवला. शिडीशिवाय कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी. एसीने आता पॅसेजची हवा मोजावी. दार उघडं ठेवलं की काम भागतं.

आणि भागलंसुद्धा! आकडा अठ्ठाविसावर आला आणि शहाण्यासारखा तिथेच राहिला. मी मुद्दाम बराच वेळ थांबलो. धाकटा घोरायला लागला. ताईंनी तोंडावर बोट ठेवून मला बाहेर काढलं, आणि दारात पहिल्यांदाच टाचण्यांशिवाय हसल्या.

नंतर बरेच दिवस काही निरोप नव्हता. मग त्यांचा फोन आला. "कोड नाही आलेला. एसी छान आहे. हा उठून अंगणात फिरतो, माझ्यावर खेकसतोसुद्धा, म्हणजे बराच बरा झालाय. पण तुम्ही एकदा या. भिंत बघायला."

गेलो. त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं आणि वर बोट दाखवलं.

स्विचबोर्डाजवळची भिंत रोजच्या हातांनी मळते ना, काळपट, तेलकट, तसा एक डाग एसीच्या शेजारी होता. त्याच्यापुढे दुसरा. मग तिसरा. छताला लागून डागांची ओळ चालली होती. दाराच्या चौकटीवरून वळून पॅसेजमध्ये आली होती. अंधारात माणूस बटण चाचपडतो, तशी.

"मी पुसत नाही," ताई हळूच म्हणाल्या. "पुसला की दुसऱ्या दिवशी दोन होतात."

शेवटचा डाग सेन्सरपासून हातभर अंतरावर होता.

मी त्याच दिवशी मणी भिंतीवरून काढला आणि वायर पुढच्या खोलीतून ओढून थेट बाहेरच्या दारापाशी नेली. दाराच्या वर, जमेल तितकं लांब. शिडीवर चढून खिळा ठोकायला हातोडी उचलली, आणि उचललेली तशीच राहिली.

दाराच्या चौकटीवर, आतल्या बाजूने, तसलाच एक डाग होता. ताजा, अजून ओलसर. मागच्या खोलीतली ओळ तर पॅसेजमध्येच संपली होती. इथपर्यंत ती आलेलीच नव्हती. आणि या डागात पाचही बोटं स्पष्ट उमटली होती. त्यांची टोकं घराच्या आतल्या बाजूला होती, बाहेरून कोणीतरी चौकट धरून आत यावं तशी.